एका खुर्चीपुरतं चित्र

पाहुण्यांच्या आधी त्यांचं खोकं आलं.

मंगला गौरीच्या गल्लीत समोरून गाय आली, तर माणसाला कुणाच्या तरी दारात शिरून उभं राहावं लागतं. तिथून दोन हमाल ते लाकडी खोकं कधी आडवं, कधी उभं करत आणत होते. पुढचा ओरडत होता, "काँच हौ, तनी रस्ता छोड़ा!" शरदिनी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघत होती. खोकं आपल्याच दाराशी थांबलं, तेव्हा तिच्या हातातली मटाराची शेंग सोलायची राहून गेली.

"भाऊजी," तिनं आत हाक मारली, "मुलगी बघायला येणारे लोक काच कशाला आणतील?"

दिनानाथ अर्ध्या गालाला साबण लावलेल्या अवस्थेत खिडकीशी आले. वाकून बघितलं.

"काल स्टेशनवर भेटला तेव्हा म्हणत होता मुलगा. त्याच्या कंपनीचं यंत्र आहे. परवा लखनौच्या प्रदर्शनात मांडायचंय. म्हणाला, आधी तुम्हा सगळ्यांना दाखवतो."

"आपल्याला कशाला दाखवायचं?"

"तोच विचार मी कालपासून करतोय, वहिनी."

शरदिनीचे यजमान गोपीनाथ गेल्यापासून तीन वर्षं घरातला शेवटचा शब्द या धाकट्या दिराचा होता. दिनानाथांनी लग्न केलं नाही. तीस वर्षं विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात, वर्कशॉपच्या लेथवर काढली. प्रोफेसर मंडळी कागदावर जे काढत, ते हे पितळेत आणि लोखंडात उतरवून देत. त्यामुळं कुठल्याही नव्या वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न असायचा, हिच्या आत काय आहे. आणि कुठल्याही नव्या माणसाबद्दलही तोच.

केयूर भडकमकर हा नवा माणूस. पुण्याचा, एकोणतीस वर्षांचा. आई लहानपणी गेलेली, वडील अंथरुणाला खिळलेले, आत्यानं वाढवलेला. दिवाळीत शरदिनीच्या लेकीचा, देवश्रीचा फोटो गेला आणि पंधरा दिवसांत उत्तर आलं की मुलगी पसंत आहे, जानेवारीत प्रत्यक्ष भेटायला येतो. इतकं पटकन. शरदिनीला तेव्हाच ते बरं वाटलं नव्हतं.

कारण देवश्रीला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं.

बाहेरून काही कळायचं नाही. डोळा तसाच, पाणीदार. नऊ वर्षांची असताना मार लागला आणि आतली नस गेली, असं डॉक्टर म्हणाले होते. पहिलं स्थळ आलं तेव्हा गोपीनाथांनी सगळं सांगितलं. त्या लोकांनी पत्राचं उत्तरसुद्धा दिलं नाही. दुसऱ्या स्थळाला शरदिनीनं सांगू दिलं नाही. त्यांना गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं, आणि ते साखरपुड्याच्या आठ दिवस आधी येऊन दारात वाट्टेल ते बोलून गेले. त्यानंतर गोपीनाथ वर्षभरही जगले नाहीत. आता देवश्री सव्वीस वर्षांची होती, मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती, आणि या वेळी शरदिनी, दिनानाथ आणि देवश्रीचा मोठा भाऊ यज्ञेश, तिघांनी मिळून ठरवलं होतं की कुणीही काहीही सांगायचं नाही. देवश्रीला विचारलं नव्हतं. ती गप्प होती, म्हणजे तिला मान्य आहे असं धरलं होतं.

"त्यांना कुणी कळवलं तर नसेल?" शरदिनीनं विचारलं.

दिनानाथांनी गालावरचा साबण तसाच ठेवून तिच्याकडे बघितलं. "कळवणार कोण? आपण तिघंच तर आहोत."

शेंग सोलून झाली. दाणे परातीत पडले. आपण तिघंच, हे शब्द मात्र शरदिनीच्या मनातून जाईनात. मग त्या तिघांतलं एकेक नाव ती मनात धरून बघत राहिली.

*

वीज दुपारी दोनला येते, म्हणून पाहुण्यांना दोनला बोलावलं होतं. केयूर आणि त्याची आत्या मृणालिनी ब्रह्माघाटावर ओळखीच्यांकडे उतरले होते, तिथून चालत आले. आत्या उंच, सरळ पाठीच्या, साठीच्या पुढच्या. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी भिंतीवरचा गोपीनाथांचा फोटो बघितला, पलंगाखालची ट्रंक बघितली, आणि चुडा-मटरची बशी हातात आल्यावर म्हणाल्या, "पोहे आपल्यासारखे नाही वाटतं करत तुम्ही?"

"थंडीत आमच्याकडे हेच," शरदिनी म्हणाली. "इथल्याच झालो ना आता. सात पिढ्या झाल्या."

"भाषा मात्र राखलीत हो."

हे कौतुक होतं की चौकशी, ते दिनानाथांना कळलं नाही. त्यांचं लक्ष केयूरकडे होतं. पोराच्या बोटांवर बारीक बारीक कापल्याच्या खुणा होत्या. काचेचं काम करणाऱ्याची बोटं अशीच असतात. म्हणजे निदान तेवढं तरी खरं. खोकं उघडून त्यानं जी काच बाहेर काढली, ती टेबलाएवढी, स्वच्छ, आरपार. लोखंडी पायांवर खोलीच्या मधोमध उभी केली तर ती आहे हे कळेना. यज्ञेश तिच्यावर आपटता आपटता वाचला.

"यात काय आहे?" दिनानाथांनी विचारलं.

"दोन काचा आहेत, काका. मध्ये एक पातळ फिल्म. होलोग्राम म्हणतात तो त्या फिल्ममध्ये." केयूर काचेच्या मागं, उंच स्टुलावर दोन प्रोजेक्टर बसवत होता. "मागून, वरून चित्र टाकायचं. फिल्म तो उजेड वळवते आणि समोरच्या एकाच जागी पाठवते. त्या जागी बसलेल्याला चित्र दिसतं. बाकीच्यांना नुसती काच."

"म्हणजे एकालाच दिसणार?"

"सध्या एकालाच." तो ओशाळं हसला. "घरोघर टीव्हीच्या जागी ही काच असावी असं कंपनीचं म्हणणं आहे. बंद असताना भिंतसुद्धा अडणार नाही. पण घरात पाच माणसं असली तर चौघं उपाशी. ते सुटल्याशिवाय कुणी घेणार नाही."

दिनानाथांना हे उत्तर आवडलं, आणि आवडलं म्हणून त्यांनी स्वतःला सावरलं. विकायला आलेला माणूस आधी दोष सांगत नाही. मग हा काय करायला आला आहे?

केयूरनं जमिनीवर खडूनं फुली मारली आणि तिच्यावर खुर्ची ठेवली. "बसा काका. पहिले तुम्ही."

दिनानाथ बसले. खिडकी लावून घेतली. आणि त्यांच्यापुढं, काचेच्या अलीकडे, अगदी खोलीच्या हवेत, फ्रॉकातली एक मुलगी उभी राहिली. तिच्या मागं अंगणातलं पेरूचं झाड लांब, खोल दिसत होतं. मुलीच्या हातात लाल चेंडू होता. तिनं तो उडवला, झेलला, पुन्हा उडवला, मग एकदम सरळ दिनानाथांच्या तोंडावर फेकला.

त्यांनी डोकं मागं घेतलं आणि खुर्ची करकरली. सगळे हसले. मृणालिनीआत्यासुद्धा. त्या काचेच्या पलीकडे, प्रोजेक्टरच्या बाजूला पलंगावर बसल्या होत्या. त्यांना चित्र दिसत नव्हतं, पण काचेतून खुर्चीवरच्या माणसाचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"पुन्हा लाव," दिनानाथ म्हणाले.

दुसऱ्यांदा त्यांनी लेथवरची जुनी सवय म्हणून, रेषा सरळ आहे का बघताना मिटायचे तसा एक डोळा मिटला. मुलगी झटकन मागं गेली आणि काचेला चिकटली. पेरूही तिथंच. चेंडू आला, पण तो नुसता मोठा झाला. पुढं आला नाही. दुसरा डोळा मिटून बघितलं, तरी तेच.

"दोन्ही डोळे लागतात," ते हळूच म्हणाले.

"हो ना!" केयूर खूश झाला. "तुम्ही लगेच ओळखलंत. एका प्रोजेक्टरचं चित्र डाव्या डोळ्याला जातं, दुसऱ्याचं उजव्या. डोक्यात दोन्ही एकत्र झाली की मग ते पुढं येतं. एक डोळा मिटला की संपलं."

दिनानाथांनी काचेतून पलीकडे बघितलं. मृणालिनीआत्या त्यांच्याकडेच बघत होत्या. मांडीवरची पर्स त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

*

पुढची पाळी यज्ञेशची होती. तो खुर्चीवर बसला, चेंडू आला, आणि त्यानं नुसतं डोकं मागं घेतलं नाही. दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. जरा जास्तच. पुन्हा हसू झालं. तो हसला नाही. "मस्त है," एवढंच म्हणून उठला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेला.

तिथं काका आणि आई आधीच उभे होते. देवश्री चहाचे कप मांडत होती.

"हे डोळे तपासायचं यंत्र आहे," दिनानाथ कुजबुजत होते. "मुलाच्या मनात काही नाही, मला वाटतं. पण ती बाई काचेच्या पलीकडे उगाच नाही बसलेली. तिला तिकडून चित्र दिसत नाही, तरी हलत नाहीये. ती तोंडं बघतेय."

"मग हिला बसवायचंच नाही," शरदिनी म्हणाली. "डोकं दुखतंय म्हणू."

"आत्ताच हसत चहा करत होती, आणि लगेच डोकं? वहिनी, तेवढ्यानं त्यांची खात्रीच होईल." दिनानाथ देवश्रीकडे वळले. "हे बघ पोरी. पोरगी चेंडू तीनदा उडवते. तिसऱ्यांदा झेलला की लगेच फेकते. त्या वेळी दचकायचं. मागं व्हायचं. एवढंच."

देवश्रीनं कपांवरून नजर उचलली नाही.

"ऐकलंस ना?" आईनं विचारलं.

"ऐकलं."

ती ट्रे घेऊन बाहेर गेली. यज्ञेशनं काकांचा दंड धरला.

"काका, सच बोलो. तुम्हीच कळवलंत का त्यांना?"

"मी?" दिनानाथांचा आवाज चढला, त्यांनी तो खाली आणला. "अरे, मी कशाला कळवू?"

"बाबांचं म्हणणं होतं ना, सांगूनच करायचं. तुम्ही त्यांच्या बाजूचे होतात."

"होतो. दारात त्या लोकांनी तमाशा केला त्या दिवसापर्यंत होतो."

शरदिनी मध्ये पडली, पण तिची नजर यज्ञेशवर होती. "आणि तू रे? महिनाभर तू नीट जेवत नाहीयेस. काय केलंयस?"

यज्ञेशनं ग्लास ठेवला. महिन्यापूर्वी देवश्रीनं त्याच्या हातात एक पाकीट दिलं होतं. "चौकातल्या पोस्टात टाकशील? रजिस्टर करून." पत्ता पुण्याचा होता. त्यानं ते घाटावर बसून उघडलं, वाचलं, फाडलं आणि तुकडे पाण्यात सोडले. बहिणीला सांगितलं, टाकलं. नंतर रोज संध्याकाळी ती विचारायची, काही आलं का रे टपालात? तो म्हणायचा, नाही.

त्यानं ते आपल्यासाठी फाडलं नव्हतं, असं तो स्वतःला सांगत आला होता. पत्रात त्याचं नावसुद्धा नव्हतं. 'लहानपणी खेळताना मार लागला,' इतकंच होतं. जगाला आणि काकांनाही माहीत होतं ते असं की पोर बालाजी घाटाच्या पायरीवर पडली. आईनं त्याच दिवशी ते ठरवून टाकलं होतं, कारण अकरा वर्षांच्या मुलाच्या माथी आयुष्यभरासाठी हे बसायला नको. गिल्ली, विटीदांडूतली विटी, यज्ञेशनं मारली होती. ती उडाली होती उंच, आणि देवश्री झेलायला धावली होती.

"काही नाही केलं," तो म्हणाला, आणि बाहेर गेला.

*

देवश्री खुर्चीत बसली. काचेतून तिला समोर पलंग दिसत होता, पलंगावर मृणालिनीआत्या, त्यांच्या बाजूला खाली वाकून यंत्राचं बटण शोधणारा केयूर. तिच्या मागं घरची तिघं उभी होती. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

तिला या माणसाचा थोडा राग आला होता आणि थोडं नवलही वाटत होतं. सगळं कळल्यावर तो हे यंत्र घेऊन आला, म्हणजे काय समजायचं? थट्टा करायला आला म्हणावं, तर चेहरा तसा नव्हता. चहा देताना त्यानं तिच्याकडे नीट बघितलं होतं, आणि विचारलं होतं, "नववीला भूमिती तुम्हीच शिकवता का?" पत्राबद्दल अवाक्षर नाही. ठीक आहे, तिनं ठरवलं, चार माणसांत नसेल बोलायचं त्याला.

"लावू?" केयूरनं विचारलं.

"लावा."

मुलगी आली. काचेवर, छापील कॅलेंडरावर असावी तशी. फ्रॉकचा रंग सुंदर होता. तिनं चेंडू उडवला. एक. मागं काकांनी घसा खाकरला. दोन. आईच्या बांगड्या वाजल्या. तीन.

देवश्रीला आठवलं की तिनं आयुष्यात किती वेळा असं केलं होतं. जिना उतरताना पायरी दिसल्याचा आव, सुईत दोरा ओवताना एकदाच ओवला गेल्याचा आव. आता हा दचकल्याचा. उद्या या माणसाच्या घरात, रोज, कुणीतरी शिकवलेल्या क्षणी दचकायचं.

चेंडू मोठा झाला, लालच लाल झाला, आणि नाहीसा झाला. ती हलली नाही.

"दचकली नाहीस तू?" काचेपलीकडून आत्यांचा आवाज आला.

"आमची देवश्री लहानपणापासून धीट आहे," दिनानाथ घाईनं म्हणाले. "परवा जिन्यात वानर बसलं होतं, तर हिनं..."

"काका, राहू द्या." देवश्री उठून उभी राहिली. "मला तो पुढं आलेला दिसलाच नाही, आत्या. मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही." ती केयूरकडे वळली. "तुम्हाला लिहिलंच होतं मी."

केयूर प्रोजेक्टरवरचा हात तसाच ठेवून उभा होता. "मला?"

"दोन पत्रं लिहिली. पहिलं दादाकडे दिलं होतं टाकायला. त्याचं उत्तर नाही आलं. दादा रोज माझी नजर चुकवायला लागला, तेव्हा समजले. मग दुसरं मी स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. त्याची पोच आली. पोचेवर सही होती, म. भडकमकर."

यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता. शरदिनी भिंतीला टेकली. तिनं दिरावर संशय घेतला होता, मुलावर घेतला होता. या पोरीचं नाव तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"आत्या," केयूर म्हणाला, "म. भडकमकर तर तू."

मृणालिनी उठल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली आणि चौघडी केलेलं एक पाकीट काढून मांडीवर ठेवलं. कापलेल्या कडेचं.

"माझ्या नावाचं होतं ते?"

"तुझ्या. मी उघडलं."

"आणि मला सांगितलं नाहीस. वर म्हणालीस, यंत्र घरी नेऊन दाखव त्यांना, तुझं काम कळू दे. मी किती आनंदानं..."

"मला कळायला नको, पत्र खरं की खोटं?" आत्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "पत्राखाली हिची सही होती, पण सही कुणीही करतं. लग्नात मोडता घालायला किती जण टपलेले असतात, तुला काय माहीत? माझ्या वेळी असंच पत्र गेलं होतं. मुलीला फिट्स येतात म्हणून. आजतागायत आली नाही मला फिट. पण ते लोक विचारायलासुद्धा आले नाहीत; नुसतं पत्र वाचलं आणि विषय संपवला. मी म्हटलं, तसं करायचं नाही. जाऊन डोळ्यांनी बघायचं. आणि हेही बघायचं की घरचे सांगतात का." त्यांनी शरदिनीकडे बघितलं. "दोन तास बसलेय मी इथं. तुम्ही चुडा-मटरमध्ये काय काय घातलंय ते सांगितलंत."

"सांगणार नव्हतो," दिनानाथ म्हणाले. "खोटं कशाला बोलू? आत जाऊन तिला कधी दचकायचं तेसुद्धा मीच शिकवलं. मोठा माणूस म्हणून ती लाज माझी आहे."

"पण पडली पायरीवरून," शरदिनी एकदम बोलली. "जन्माचं नाही हो ते. घाटावर पडली पोर, त्यात तिचा काय..."

"आई, बस कर." यज्ञेश पुढं आला. काचेपाशी येऊन थांबला. "पायरीवर नाही पडली. गिल्ली लागली. मेरी गिल्ली थी." त्यानं केयूरकडे बघून मराठीत पुन्हा सांगितलं, "मी मारली होती. पहिलं पत्रही मीच फाडलं. मला वाटलं, हिचं लग्न होईल तेव्हा ते संपेल. म्हणजे माझं संपेल."

दिनानाथ वहिनींकडे बघत राहिले. सतरा वर्षं ते पायरीची गोष्ट लोकांना सांगत आले होते. ती पायरी कोणती, हेसुद्धा ते दाखवत.

"वहिनी, मलाही?"

"तुम्ही त्याला मारलं असतंत, भाऊजी."

"मारलं असतं," ते म्हणाले. "दोन थपडा मारल्या असत्या. आणि मग संध्याकाळी कचौडी आणून दिली असती." ते पलंगाच्या कडेला, आत्यांपासून हातभर अंतरावर बसले.

केयूरनं यंत्र बंद केलं. पंखा थांबल्यावर गल्लीतले आवाज आत आले. तो स्टुलामागून आत्यांपाशी गेला आणि हात पुढं केला. आत्यांनी पाकीट दिलं. त्यानं तिथंच, उभ्यानं, पत्र वाचलं. दोन पानं होती. पहिलं पान उलटताना तो थांबला, पुन्हा वरून वाचू लागला.

देवश्री त्याच्याकडे बघत नव्हती. आपलं पत्र कुणी आपल्यासमोर वाचावं, याची तिची तयारी नव्हती. तिला एकदम वाटलं की दचकले असते तर आता सगळे चहा पीत असते.

"देवश्री," केयूर म्हणाला. नावानं पहिल्यांदाच. "मी असं म्हणतो की..."

"आत्ता नको."

"पण मला..."

"आत्ता तुम्ही आत्यांवर रागावला आहात. मी इथं उभी आहे, आणि दादा रडतोय. अशा वेळी माणूस चांगलंच बोलतो. ते नको. लखनौला जा, पुण्याला जा, महिना घ्या. मग जे असेल ते लिहून कळवा. नाही असेल तर नाही. पण कळवा. उत्तर न देणारे फार झाले."

त्यानं पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "लिहीन. याच पत्त्यावर ना?"

"नाही. शाळेच्या पत्त्यावर." आणि तिनं सांगितला. त्यानं तो पाकिटाच्या मागं लिहून घेतला.

"अगं, घर आहे की," शरदिनीच्या तोंडून गेलं.

देवश्रीनं आईकडे बघितलं, भावाकडे बघितलं. शरदिनीनं मान खाली घातली.

काच पुन्हा खोक्यात घालताना दिनानाथांनी एक बाजू धरली. जिन्याच्या वळणावर मृणालिनीआत्या शरदिनीला म्हणाल्या, "मी चूक केली असेल. पण तुम्हीसुद्धा."

"मीसुद्धा," शरदिनी म्हणाली. "पाय जपून टाका. पुढची पायरी उंच आहे."

*

महिना म्हटलं होतं, बेचाळीस दिवस लागले. त्या बेचाळीस दिवसांत घरात कुणी कुणाला त्याबद्दल विचारलं नाही. दिनानाथ यज्ञेशशी आठवडाभर बोलले नाहीत, आणि आठव्या दिवशी त्याला म्हणाले, चल, घाटावर जाऊन येऊ. दोघं गेले आणि उशिरा परत आले. यज्ञेश त्या दिवशी पोटभर जेवला.

होळीच्या चार दिवस आधी देवश्री शाळेतून आली, चपला काढल्या, आणि रोजच्यासारखी हातपाय धुवायला गेली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. शरदिनी खव्याच्या करंज्यांसारख्या गुझियांसाठी मैदा मळत होती. तिनं मुलीचा चेहरा बघितला आणि तिला कळलं की पत्र आलं आहे. खांद्यावरच्या झोळीतून निळ्या पाकिटाचा कोपरा दिसत होता.

"एप्रिलात येतो म्हणालेत," देवश्री म्हणाली. "एकटे. चार दिवस राहणार आहेत. काच वगैरे काही आणणार नाहीत, नुसतं बोलायला."

"म्हणजे हो का?"

"म्हणजे येतो. हो की नाही, ते दोघांनी मिळून ठरवू, असं लिहिलंय." तिनं झोळी खांद्यावरून उतरवली. "आत्यांनी खाली चार ओळी लिहिल्यात. माफी मागितलीय. आणि दुसरी एक गोष्ट लिहिलीय, ती फक्त मला."

शरदिनीचा पिठाचा हात आपोआप पुढं आला होता, मागावं तसा. तिनं तो बघितला. मागं घेतला, परातीत ठेवला, आणि पुन्हा मळायला लागली.

"बरं," ती म्हणाली. "तुला वाटेल तेवढं सांग. वाटेल तेव्हा."

देवश्री आत आली, आईसमोर पाटावर बसली, आणि पत्रातलं सांगायला तिनं स्वतःच सुरुवात केली.